शेपटीवाली शंभराची नोट

काका, नमस्कार. मी निपाणीचा, वय ३६. गेली अकरा वर्षं एका पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे दारोदारची रोजची छोटी बचत, गोळा करतो. रोज सव्वाशे-दीडशे दुकानं आणि हातगाड्या होतात. हातातून एवढ्या नोटा जातात की नजर आपोआप तयार झाली. कुठं नंबर खाली घसरलेला, कुठं शाईचा फराटा, कुठं एका कडेला पांढरी पट्टी जास्त. अशी नोट दिसली की मी ती काढून घेतो आणि तेवढे पैसे माझ्या खिशातून घालतो. दोन-तीनदा खिशात नव्हते म्हणून दुसऱ्या दिवशी घातले, पण घातले. आज अशा ४१ नोटा जमल्यात.

गेल्या महिन्यात संस्थेत भरणा करताना मोजायच्या मशीनमध्ये शंभराची एक जांभळी नोट अडकली. बाहेर काढली तर कोपरा आत दुमडलेला. उलगडला तर बोटाच्या पेराएवढा तिकोनी कागद नोटेच्या बाहेर आला, शेपटीसारखा. मी तिथंच शंभर ठेवले आणि ती घेतली. नोट कोणाची ते मला पक्कं माहीत आहे. मेथी-कोथिंबीर विकणाऱ्या एका आजीची. एरवी ती दहा-वीस देते. त्या दिवशी शंभर दिले आणि म्हणाली, "बगून घे बाबा, उद्या नगं म्हणशील."

मेहुण्यानं फोटो नेटवर टाकला. एकजण व्हॉट्सअ‍ॅपवर तीन लाख देतो म्हणाला, पण आधी रिझर्व्ह बँकेच्या रजिस्ट्रेशनचे अडीच हजार भरा म्हणतो. सासरे म्हणतात, वाकडी नोट घरात ठेवू नये, लक्ष्मी रुसते. बायको म्हणते, पोरीची फी भरा. त्यात वडिलांच्या ट्रंकेत जुन्या हजाराच्या बारा नोटा सापडल्यात. काय ठेवू, काय विकू? आणि आजीला सांगू का?

— एक पिग्मीवाला, निपाणी

तुमचे प्रश्न बरेच आहेत, पण मी अडखळलो ते तुम्ही काही विचारलंच नाही त्या ओळीवर. "दोन-तीनदा दुसऱ्या दिवशी घातले, पण घातले."

मी बेळगावात बँकेच्या काउंटरवर एकतीस वर्षं काढली. कॅशवर बसलेला माणूस ही ओळ वाचून खुर्चीत सरळ होऊन बसतो. तुम्ही पैसे बुडवले नाहीत हे मला कळतं. पण लोकांची एक नोट एक रात्र तुमच्या घरी होती आणि संस्थेच्या हिशेबात नव्हती. त्या रात्री तुमचा अपघात झाला असता, किंवा सकाळी ऑडिटर आला असता, तर "हौस होती हो" हे कोणाच्या कानात शिरलं नसतं.

माझंच सांगतो. १९९८ ची गोष्ट. दुपारी गर्दीत दहाची एक नोट हाताला लागली, एका बाजूला नंबरच नव्हता. माझं मन हललं. संध्याकाळी स्वतःचे दहा घालू म्हणून ती शिक्क्यांच्या डब्याखाली सरकवली आणि साफ विसरलो. कॅश बंद करताना दहा रुपये कमी. चार माणसं रात्री साडेआठपर्यंत व्हाउचरं चाळत बसली, एकाची शेवटची बस चुकली. शेवटी शिक्के आवरायला मी डबा उचलला. मॅनेजरसाहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी "सापडले" एवढंच लिहिलं आणि पंखे बंद करायला सांगितले. पुढं वर्षभर माझी कॅश दुसऱ्यांदा मोजली जायची. कोणी बोलायचं नाही, नुसती मोजायचे.

तुमचा धंदा तर त्याहून नाजूक. पिग्मी ही आपल्या कर्नाटकाचीच चीज. सिंडिकेट बँकेनं १९२८ साली उडुपीकडं ती सुरू केली तेव्हा दारात येणाऱ्या माणसाच्या हातावर लोक रोज दोन-दोन आणे ठेवत. दोन आणे ठेवायला कागदपत्र लागत नाहीत, समोरचा ओळखीचा लागतो. तेव्हा यापुढं असं करा: शर्टाच्या आतल्या खिशात स्वतःचे पाचशे रुपये सुट्टे ठेवा, दहा-वीस-पन्नास-शंभर सगळं. विचित्र नोट दिसली तर त्याच जागी, गिऱ्हाइकासमोर बदला. आतला खिसा रिकामा असेल तर नोट जाऊ द्या, मग ती कितीही देखणी असो. आणि मॅनेजरच्या कानावर घालून ठेवा की मला हा नाद आहे. नाद सांगितलेला असला की त्याची चौकशी होत नाही.

आता आजी.

कायद्यानं बघितलं तर विषय मिटलेला आहे. तिनं शंभर दिले, तुम्ही शंभर लिहिले, संस्थेला शंभर मिळाले. पण तुम्ही मला विचारताय म्हणजे तुमच्या मनात तो मिटलेला नाही. माझं मत: सांगा. आणि भाव कळायच्या आधी सांगा. आज तुम्ही म्हणू शकता, "आजी, त्या दिवशीची तुमची नोट छापताना बिघडलेली निघाली. हौशी लोक अशा नोटेला जास्त पैसे देतात म्हणे. किती ते मला अजून ठाऊक नाही. तुम्हाला परत हवी का? नाहीतर विकली तर जे येईल त्यातलं निम्मं तुमचं." हे आज दोन मिनिटांचं बोलणं आहे. उद्या कोणी चार आकडी रक्कम सांगितली की तेच बोलणं घशात अडकतं, आणि मग माणूस गाडीच्या दुसऱ्या बाजूनं जायला लागतो. तुम्हाला तर रोज तिच्यासमोर उभं राहून पावती फाडायची आहे.

ती बहुतेक हसेल. कदाचित म्हणेल, तुझ्याकडंच ठेव, पण उद्याचे दहा तू भर. ते मात्र खरंच भरा.

मग त्या नोटेकडं येऊ. नोटा सुट्या छापत नाहीत. मोठ्या तावावर एकदम अनेक नोटा छापल्या जातात. आधी दोन्ही बाजूंची रंगीत जमीन, मग गांधीजींचं चित्र आणि अशोकस्तंभासारखी उठावाची छपाई, मग नंबर, आणि शेवटी कटर. या वाटेवर तावाचा कोपरा कुठं तरी दुमडला की तेवढा कागद आत सरकून कटरपासून वाचतो. नोट बाहेर पडते शहाण्यासारखी चौकोनी, आणि कोणी घडी उलगडली की शेपूट बाहेर. संग्राहक हिला बटरफ्लाय म्हणतात. शेपूट नाव मला जास्त पटतं.

कोपरा कधी दुमडला हे शेपटीवरच लिहिलेलं असतं. सगळी छपाई झाल्यावर, कापायच्या आधी दुमडला असेल तर नोटेवरचं चित्र पूर्ण असतं आणि शेपटीवर तावाच्या कडेचा कोरा कागद किंवा रंग जुळवायच्या खुणा दिसतात. छपाईच्या आधीच दुमडला असेल तर गंमत वाढते. नोटेच्या तोंडावर एक तिकोनी जागा कोरी राहते आणि तिथला हरवलेला तुकडा शेपटीच्या भलत्या बाजूला सापडतो. दुसऱ्या प्रकारावर संग्राहक जास्त जीव टाकतात, कारण चूक लांबूनही दिसते.

खरी का, हे घरीच बघता येतं. नोट जुन्या घडीवर अलगद परत दुमडा. शेपूट पूर्ण आत गेली पाहिजे आणि नोट १४२ × ६६ मिलिमीटरच्या चौकटीत बसली पाहिजे. नव्या शंभराचं माप तेवढंच, आणि कटरला त्या क्षणी तेच दिसलं होतं. मग खिडकीत उजेडासमोर धरा. शेपूट आणि नोट हा एकच अखंड कागद हवा. जोडाची रेघ, डिंकाचा डाग, जाडीत फरक यातलं काहीही दिसलं तर शेपूट कोणी तरी चिकटवलेली आहे. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली नोटेचा कागद मंद राहतो, बाजारातला साधा पांढरा कागद निळसर उजळतो. असा दिवा तुमच्या संस्थेच्या काउंटरवर असेलच. आणि मशीननं अडवली म्हणून नोट खोटी ठरत नाही. मशीनला शेपूट कळत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तुमच्या बाकीच्या चाळीस नोटांबद्दल मी थोडा कठोर होणार आहे. निम्म्याहून जास्त गळतील असा माझा अंदाज आहे. त्यात नंबरात चांदणी असलेल्या नोटा असतील तर त्या आधी बाजूला काढा. ती चूक नव्हे, चुकीची भरपाई आहे. शंभर नोटांच्या पाकिटातली एखादी तपासणीत बाद झाली की तिच्या जागी चांदणीवाली घालतात. ही पद्धत २००६ पासूनची. त्याआधी त्याच नंबरची दुसरी नोट छापून घालत. २०२३ च्या जुलैत या नोटा खोट्या असल्याची आवई उठली तेव्हा रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला होता. ७८६ आकड्याच्या नोटांचंही तेच. तो श्रद्धेचा बाजार आहे, छापाचा नाही.

पांढरी पट्टी जास्त असलेल्या नोटा मोजपट्टीनं मोजा. खरोखर चुकून कापलेल्या नोटेत एका बाजूला जे कमी तेच दुसऱ्या बाजूला जास्त असतं, कधी शेजारच्या नोटेची कडसुद्धा दिसते. एका बाजूला कमी आणि दुसरीकडं जिथल्या तिथं असेल तर ते काम घरच्या कात्रीचं. एका बाजूचं चित्र दुसऱ्या बाजूला उमटलेलं असेल तर ते आरशातल्यासारखं उलटं हवं, कारण ओल्या शाईचा ताव शेजारच्या तावाला चिकटून ते होतं. सुलट दिसलं तर संशय घ्या. फराटे बहुतेक बॉलपेनचे आणि शिक्क्याच्या शाईचे निघतात. नंबर नसलेली नोट भिंगाखाली तिरप्या उजेडात धरा. खरी असेल तर त्या जागचा कागद बाकीच्या कागदासारखाच गुळगुळीत दिसतो. खोडलेली असेल तर तंतू उभे राहिलेले दिसतात, शर्टाची कॉलर घासल्यावर दिसतात तसे. माझी ती दहाची नोट? पुढं एका जाणकारानं भिंग हातात दिलं आणि मी स्वतःच बघितलं. कोणी तरी शाईच्या रबरानं नंबर खोडला होता. वर्षभराची नामुष्की मी त्या रबरवाल्यासाठी सोसली.

खऱ्या मोठ्या चुका बाहेर येतात, पण क्वचित. नोटबंदीनंतर छापखाने घाईत होते, तेव्हा पाचशेच्या काही नोटांत गांधीजींच्या चेहऱ्यामागं दुहेरी सावली होती. २०१७ च्या जानेवारीत मध्य प्रदेशात श्योपूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना बँकेतून गांधीजी नसलेल्या दोन हजारांच्या नोटा मिळाल्या. त्यांना आधी वाटलं खोट्या आहेत, बँकेनं छपाईतला दोष म्हणून परत घेतल्या. अशी नोट बँकेच्या वाटेनं तुमच्या हातात आली तर ती ठेवणं गुन्हा नाही. पण दुसऱ्या वाटेच्या नोटांपासून लांब राहा. २०१८ च्या जानेवारीत मध्य प्रदेशातल्या देवासच्या नोटांच्या छापखान्यात बाद केलेल्या नोटा बुटात लपवून नेणारा एक अधिकारी पकडला गेला. ऑफिस आणि घर धरून सुमारे ९० लाखांचा माल निघाला. उद्या कोणी "चुकीच्या नोटांचं अख्खं पाकीट आहे, घेता का?" म्हणाला तर हे आठवा. पिग्मीच्या पिशवीत एखादी विचित्र नोट येते, पाकीट येत नाही.

तीन लाखवाल्यावर मी फार शाई घालवणार नाही. विकणारे तुम्ही, आणि पैसेही तुम्हीच द्यायचे, असा सौदा निपाणीच्या तंबाखूच्या बाजारात कोणी केला तर पोरंसोरं टाळ्या पिटतील. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीसाठी आमच्या नावानं कोणी फी, कमिशन, कर मागत असेल तर ती फसवणूक आहे, आम्ही या व्यवहारात नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २०२१ च्या ऑगस्टमध्येच जाहीर केलंय. नंबर ब्लॉक करा. मेहुण्यानं आधार किंवा खात्याचे फोटो पाठवले नाहीत ना, तेवढं आजच विचारा. पाठवले असतील तर बँकेत सांगा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा.

मग किंमत किती? आकडा मी सांगणार नाही. नोट न बघता सांगणारा एकतर देव असतो नाहीतर तो अडीच हजारवाला. चूक किती ठळक आहे, नोट किती कोरी आहे आणि त्या दिवशी समोर कोण उभा आहे, यावर ठरते. नेटवर लोक मागतात तो भाव बघू नका, लिलावात प्रत्यक्ष विकली गेली तो बघा. पुण्यात नाण्या-नोटांची प्रदर्शनं भरतात. एकदा जा, विकायला नको, नुसतं बघायला. तीन वेगवेगळ्या टेबलांवर तीच नोट दाखवा आणि "घेणार असाल तर काय द्याल?" एवढंच विचारा. "किती होईल?" विचारू नका. त्याचं उत्तर द्यायला कोणाला खिशात हात घालावा लागत नाही.

पोरीच्या फीबद्दल वहिनी बरोबर आहेत. गळालेल्या नोटा बाजारात चालतात, त्यांचं मूल्य छापलंय तेवढं आहेच. त्या सरळ फीला जाऊ द्या. उरलेल्या दहा-बारा चांगल्या जपा, आणि महिन्याला हौसेवर किती घालवायचे तो आकडा वहिनींना विचारून ठरवा. सासऱ्यांना एवढंच सांगा की लक्ष्मी वाकडी नाही, कागद वाकडा आहे. नाही पटलं तर अल्बम देवघराच्या खोलीत ठेवू नका, झालं.

हजाराच्या बारा नोटा मात्र हसण्यावारी नेऊ नका. २०१७ च्या कायद्यानं नोटबंदीतल्या जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा एका माणसाला दोन्ही मिळून दहापर्यंतच ठेवता येतात. अभ्यास, संशोधन किंवा नाणी-नोटांच्या संग्रहासाठी असतील तर पंचवीसपर्यंत. त्याहून जास्त सापडल्या तर दंड दहा हजार किंवा दर्शनी रकमेच्या पाचपट, जे जास्त असेल ते. तुमच्या बारा हजारांचे साठ हजार होतात. ट्रंकेत तशाच पडलेल्या बारा नोटा संग्रह दिसत नाहीत, विसरलेला पैसा दिसतो. अल्बममध्ये लावा, वहीत नंबर लिहा, कुठून आल्या ते लिहा. आणि "बदलून देतो" म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका.

जपण्याचं सांगतो, कारण तुमच्याकडचा पाऊस मला माहीत आहे. स्टेपल नको, सेलोटेप नको, लॅमिनेशन तर अजिबात नको, आणि इस्त्री करून सुरकुत्या काढायच्या फंदात पडू नका. बाजारातले मऊ, वास येणारे प्लॅस्टिकचे कप्पे काही वर्षांत नोटेला चिकटतात. पॉलिएस्टरचे कडक, पारदर्शक कप्पे घ्या. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा बदला. शेपटीची घडी सारखी उघडमीट करू नका, तिथंच कागद फाटतो. एकदा उलगडून सपाट ठेवा.

धुऊ तर नकाच. आमच्या शाखेत निपाणीहून कॅश आली की पेटी उघडताक्षणी कळायचं, सगळ्या नोटांना तंबाखूचा वास. नवी पोरं शिंकायची. पन्नासच्या नोटेवर हंपीचा रथ असो की वीसच्या नोटेवर वेरूळचं लेणं, दोघांना वास एकच. तुमच्या नोटेलाही असेल. असू दे, तो काढायच्या नादात कोरेपणा जातो आणि कोरेपणाचेच पैसे असतात.

एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाही: शेपटीवर काय आहे? कोरी आहे, रंगाच्या खुणा आहेत, की चित्राचा तुकडा? दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, शेजारी पोरीची शाळेची पट्टी ठेवून. पण आधी आजीकडं जाऊन या.